हाडं पालघरला, काळीज दातिवऱ्याला, पोट बोईसरला

मी एक जुनं पुस्तक हाय, मित्रांनो. एक म्हणतो खरा, पण माजे तुकडे तीन हायत, आणि तिन्ही तुकड्यांचा जीव एकच. एक तुकडा उन्हात ठेवला तर बाकीचे दोन पण तापतात. कसं, ते मला इचारू नका. मी पुस्तक हाय, पण मला वाचता येत नाय.

हसू नका. पाणी भरलेल्या मडक्याला कुठं पिता येतं? माज्यात सगळं इंग्रजी छापलेलं हाय. माणसाच्या अंगात हाड कुठं, रक्त कुठून निघून कुठं जातं, खाल्लेल्या अन्नाचं काय होतं, सगळं. नर्स व्हायला निघालेल्या पोरी मला वाचतात. पण मला येती ती बोली ज्या घरांत रायलो त्या घरांची, आणि ती पण कानानं आलेली. तेव्हा माजं बोलणं शाळेतल्या धड्यासारखं वाटलं नाय, तर चालवून घ्या.

माजा जनम छापखान्यातला. तिथलं फार आठवत नाय. गरम शाई, कागदाचे मोठमोठे ताव, आणि मंग पाठीत घातलेली शिलाई. मी एवढा जाड होतो की गोदामातला एक हमाल मला उशाला घेऊन झोपायचा. माज्या शेजारच्या खोक्यात वकिलीची पुस्तकं होती, पलीकडं हिशेबाची, त्याच्या पलीकडं इंजिनाची. सगळ्यांना काय तोरा! आमी नसलो तर नर्स नाय, वकील नाय, कारखाना नाय, असं आमी एकमेकांना सांगायचो. नुसतं असून काय होतं हो? ज्याला पायजे त्याच्या हातात असावं लागतं. ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

माजी पयली मालकीण प्रियदर्शिनी. बाप नगरकडचा, तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला, राहायला कॉलनीत. तिनं मला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. ही पोरगी मला वाचायची म्हंजे अगदी घासायची. जेवताना पण मी ताटाशेजारी. तिची आई म्हणायची, "अगं, पयला घास तोंडात जाऊ दे, मंग बघ तो कुठं जातो ते!" ते माजे सुखाचे दिवस. पाहुणे आले की मला हातात घेऊन वजन बघायचे आणि पोरीकडं मानानं बघायचे. पोरगी पास झाली, नर्स झाली, आणि मनोरच्या पलीकडं डोंगरातल्या दवाखान्यात लागली. सामानात मी पण गेलो.

तिथं एका पाड्यावर लसीकरण होतं. बाया पोरांना घेऊन लांब उभ्या. प्रियदर्शिनीची भाषा त्यांना कळंना, त्यांची हिला. मंग एक पोरगी पुढं आली. बारावी झालेली, काटक, केस तेलानं चापून बसवलेले. तिनं बायांना त्यांच्या बोलीत सांगितलं, "सुई मुंगीवानी चावती. पण ताप येऊन पोर जाण्यापरीस मुंगी बरी." बाया हसल्या आणि रांग लागली. ती सोमी. गोमाची पोरगी.

त्या दिवसापासून सोमी प्रियदर्शिनीच्या मागं मागं. शेवटी प्रियदर्शिनीनंच तिचा नर्सिंगला फॉर्म भरवला. आणि नंबर लागला तेव्हा मला तिच्या हातावर ठेवलं. "घे. माझं काम झालं आता."

गोमानं मला दोन्ही हातांनी उचलून बघितलं, भोपळा बघतात तसं. "सोमे, ह्ये एवढं तू एकटी वाचणार?"

"का?" चुलीपुढून तिची आई रंभाबाई बोलली, "तुमी मदत करताय का?"

आता मित्रांनो, इथं तुमाला त्या पाड्याची एक रीत सांगायला पायजे, नायतर पुढचं कळायचं नाय. पाड्यावर लग्नाच्या भाताचा एक मोठा टोप हाय. गोमाच्या आजानं कुठूनसा आणलेला. ज्याच्या घरी लग्न, त्याच्याकडं टोप. काम झालं की त्यानं तो घासायचा, पुसायचा, डोक्यावर घ्यायचा आणि स्वतः नेऊन द्यायचा. आपण आणायला जायचं नाय. मागायचं तर नाव नको. मागणं म्हंजे समोरच्याला चोर म्हणणं. लयच अडलं तर दुसऱ्या गप्पांत हळूच इचारायचं, "काम झालं का?" समोरचा समजतो. टोप, पाटा, जाळं, बैलाची जोडी, सगळं असंच फिरतं. आणि कदी कुणाचं अडलेलं नाय. पाड्यावर.

पालघरजवळ एका नर्सिंगच्या शाळेत सोमी शिकायला लागली. राहायला होस्टेलात. तिच्या बाकावर आणखी दोघी. एक वत्सला, दातिवऱ्याची, बापाची होडी, तोंडाची तिखट. दुसरी हेतल, बोईसरची, घर चांगलं खाऊन-पिऊन, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि मनानं पण चांगली. हे मी मुद्दाम सांगतो. हेतल वाईट पोरगी नव्हती.

वत्सलाकडं पुस्तक नव्हतं. हेतलनं नवं मागवलं होतं ते येता येत नव्हतं. लायब्ररीत माजी भावंडं होती, पण ती तिथंच बसून बघायची, बाहेर न्यायची नाय. एक दिवस सोमी म्हणाली, "माजं हाय ना. तिघी वाचू."

"कसं वाचणार गो?" वत्सला म्हणाली. "तू होस्टेलात, मी दातिवऱ्याला, ही बोईसरला. पुस्तकाला काय पंख हायत?"

सोमी म्हणाली, "कापू."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो.

बोईसरच्या बाजारात नरहरीचं बायंडिंगचं दुकान हाय. तिघी मला तिथं घेऊन गेल्या. नरहरीनं चष्मा कपाळावर चढवला. "पोरी, माझ्याकडं लोक फाटलेलं जोडायला येतात. तू जोडलेलं फाडायला आलीस?"

"फाडायचं नाय काका. वाटायचं हाय."

"काका, मासा तीन घरांत द्यायचा तर तुकडी करावीच लागती ना?" वत्सला म्हणाली.

"ही दातिवऱ्याची दिसते," नरहरी म्हणाला, आणि पातं काढलं.

माजा नंबर येईपर्यंत मी फळीवर पडून होतो. तिथं सगळ्या शिक्षणाची पुस्तकं शेजारी शेजारी. एक फिटरचं होतं, तेलकट, त्याला ग्रीसचा वास. एक औषधांचं, एक वकिलीचं, एक हिशेबाचं. फिटरचं म्हणालं, "घाबरू नको रे. मशीन खोलतात ती परत जोडायलाच." वकिलीचं खाकरलं. "ठरलं काय हाय? कुणी कुणाला कदी परत द्यायचं? कागदावर लिवलंय का?" मी म्हटलं, कागद कशाला, मैत्रिणी हायत त्या. तेव्हा हिशेबाचं पुस्तक नुसतं हसलं. त्याचं हसणं मला आवडलं नाय.

नरहरीचा हात मात्र चांगला. पाठीची शिलाई उसवली, कुठलं प्रकरण कुठं संपतं ते बघून जपून कापलं, आणि तिन्ही तुकड्यांना वेगळी पुठ्ठ्याची कव्हरं घातली. एकात हाडं आणि मांस. दुसऱ्यात काळीज, रक्त आणि फुफ्फुसं. तिसऱ्यात पोट, मूत्रपिंड आणि बाईचं गर्भाशय. एक माणूस तीन ठिकाणी.

"हाडं पालघरला, काळीज दातिवऱ्याला, पोट बोईसरला," वत्सलानं वाटणी सांगितली, आणि तिघी इतक्या हसल्या की नरहरी म्हणाला, "बाहेर जाऊन हसा गं, गोंद वाळू द्या."

मंग सुरू झाल्या फेऱ्या. एक तुकडा एकीकडं थोडे दिवस, मंग पुढचीकडं. सोमीकडून वत्सलाकडं, वत्सलाकडून हेतलकडं, हेतलकडून परत सोमीकडं. आणि खरं सांगतो, मित्रांनो, नव्यानं असताना मला मान होता, पण सुख मिळालं ते असं तुकडे होऊन फिरण्यात.

दातिवऱ्याला मी सुक्या बोंबलांच्या ओळीखाली बसून वाचला गेलो. वत्सला मोठ्यानं वाचायची, तिचा बाप जाळं विणता विणता ऐकायचा. "काळजाला चार खण?" तो म्हणाला. "आमच्या होडीला पण चारच हायत गो." बोईसरला हेतलच्या खोलीत पंखा, टेबल, खुर्ची, सगळं जागच्या जागी. तिथं मी उघडा कमी आणि फळीवर उभा जास्त. आणि होस्टेलात सोमीच्या खाटेवर माजं खरं काम.

सोमीला इंग्रजी जड जायचं. तर तिनं एक रीत काढली. पयल्या फेरीत वाचायचं नाय, नुसते अर्थ काढायचे. वर्गात मॅडम सांगतील ते, डिक्शनरीत मिळंल ते, आणि कुठंच नाय मिळालं तर स्वतःच्या मनातलं. ते शिसपेन्सिलीनं छापलेल्या ओळीच्या वर बारीक लिवायचं, आणि लिवता लिवता तोंडानं म्हणायचं. पाठ करायचं ते दुसऱ्या फेरीत. आतड्यावर तिनं लिवलं, 'लांब नळी, गुंडाळलेली, दोरावानी.' मूत्रपिंडावर लिवलं, 'रक्ताची गाळणी.' गर्भाशयावर लिवलं, 'पोराचं पयलं घर.' माजं इंग्रजी पाठ करून पोरी पास होत असतील. पण मला स्वतःला मी काय हाय ते सोमीच्या पेन्सिलीमुळं कळलं.

"तुजे अर्थ हायत म्हणून मला समजतं," वत्सला म्हणायची. "छापलेलं तर नुसत्या मुंग्या दिसतात गो."

हेतल पण म्हणायची, "सोमी, किती स्वीट लिहिलंयस यार."

पयली फेरी पुरी झाली. परीक्षेच्या आधीची वाचायची सुट्टी लागली आणि दुसरी फेरी सुरू झाली. पोटाचा तुकडा वत्सलाचा वाचून झाला, तिनं तो हेतलला नेऊन दिला. हेतलचं झालं की सोमीचा नंबर. सोमीनं त्या तुकड्यातलं अजून काहीच पाठ केलेलं नव्हतं. तिचे नुसते अर्थ लिवून झाले होते.

आणि त्याच आठवड्यात हेतलचं नवं पुस्तक आलं. गुळगुळीत, रंगीत चित्रांचं. मी टेबलावर होतो, मला उचलून पलंगावर टाकलं. नव्याची पानं उघडली तेव्हा त्याचा वास सगळ्या खोलीत. मी मनात म्हटलं, बरं झालं. आता ही मोकळी झाली, मला सोमीकडं पोचवंल.

दुसऱ्या दिवशी हेतलची मम्मी खोली झाडायला आली. त्यांचं कपडे धुवायचं मशीन नवीनच घेतलेलं, पण फरशी उतरती, तर चालू झालं की मशीन नाचत नाचत दारापर्यंत यायचं. मम्मीनं माजा तुकडा हातात घेऊन इचारलं, "हेतल, हे जुनं पायाखाली लावू का? बरोबर मापाचं आहे."

हेतल फोनवर बोलत होती. तिनं वळून बघितलं पण नाय. "लाव ना मम्मी. माझं नवं आलंय."

एवढंच. यात रागानं काय नव्हतं, कपटानं काय नव्हतं. वाईट माणसानं केलं असतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

आणि मी मशीनच्या पायाखाली गेलो. रोज सकाळी सगळ्या घराच्या कपड्यांचं ओझं माज्या डोक्यावर घुमायचं. मशीन नवं पण नळी गळकी, साबणाचं पाणी पाझरायचं, आणि पोटाचा तुकडा तो, त्याचंच पोट फुगायला लागलं. तिकडं पालघरला सोमी हाडाचा तुकडा पाठ करून बसली होती, दाराकडं बघत.

हॉल तिकिटाच्या दिवशी तिघी शाळेत भेटल्या. हेतल स्कूटीवर आली, हातात नुसतं पाकीट. वत्सलानं सोमीला कोपर मारलं. इकडचं तिकडचं झालं, मॅडमच्या नव्या साडीचं झालं, आणि मंग सोमीनं अगदी सहज इचारलं, "हेतल, पोटाचं झालं का तुजं?"

पाड्यावर असतं तर एवढ्यावर टोप दुसऱ्या दिवशी दारात आला असता.

हेतलनं कपाळाला हात लावला. "कुठलं गं! ती किडनी माझ्या डोक्यातच जात नाही. पाच वेळा वाचली."

सोमीनं मान हलवली. तिला वाटलं, हिचं काम अजून सरलं नाय. हेतलच्या मनात होतं तिचं नवं पुस्तक. माजं नाव पण तिच्या डोक्यात नव्हतं.

ती गेल्यावर वत्सला भडकली. "सोमे, तिच्याकडं नवं कोरं पुस्तक हाय! मी माज्या डोळ्यांनी पायलं!"

"असंल. दोन्ही लावून वाचत असंल."

"दोन्ही? दोन तोंडं हायत का तिला? माग ना! जीभ गहाण टाकलीस का? नायतर मी मागते."

"मागितलंस तर तुला माजी शप्पथ हाय." सोमी म्हणाली. "काम झालं की ती आपणहून आणंल. तिचा पण तर पेपर हाय ना."

वत्सला म्हणाली, "ती बोईसरची हाय गो. तिकडं जो मागत नाय त्याला नको असतं, असं समजतात."

सोमीला ते पटलं नाय. असं कुठं असतं का? ज्याला नको असतं तो मागत नाय हे खरं, पण ज्याला पायजे असतं तो पण मागत नाय, हे तिनं जनमभर बघितलेलं.

पेपराच्या आधी ती लायब्ररीत गेली. माज्या भावंडाला उघडून बसली. तेच प्रकरण, तेच चित्र, तेच इंग्रजी. पण वरती पेन्सिलीचं काय नव्हतं. एक ओळ वाचायची, अडायची, परत मागं यायची. पंखा गरगरत होता आणि लायब्ररीच्या मॅडम घड्याळाकडं बघत होत्या. दिवस मावळला तरी तिची दोन-तीन पानंच झाली होती.

पेपरात मूत्रपिंड आलं. आतडं पण आलं, गर्भाशय पण आलं. हेतलनं सगळं लिवलं. वत्सलानं पण लिवलं, सोमीच्या अर्थांवर. पेपर सुटल्यावर गेटपाशीच वत्सलानं काळजाचा तुकडा पिशवीतून काढून सोमीच्या हातात दिला. "घे गो. माजं झालं." त्याला बोंबलांचा वास येत होता. सोमीनं तो छातीशी धरला. तिच्या पेपराची कितीतरी पानं कोरी रायली होती.

निकाल लागला. सोमी बाकी सगळ्यात पास, ह्या एका विषयात नापास. त्या होस्टेलाचा नियम होता, नापास झालं की जागा दुसऱ्या पोरीला. वॉर्डनबाई वाईट तोंड करून म्हणाल्या, "मी काय करू गं, वरनं यादी आली. पुरवणी परीक्षा दे, पास हो, मग पुढच्या वर्षी परत अर्ज कर."

पुढच्या वर्षी. पाड्यावरनं रोज दोन गाड्या बदलून शाळेत येणं जमण्यासारखं नव्हतं. आणि दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. सगळी माणसं विटा थापायला भट्टीवर जातात. घरी एकटी पोरगी ठेवून जाणार कोण?

गोमा तिची पेटी न्यायला आला. आत माजे दोनच तुकडे बघून तो म्हणाला, "तिसरा कुठं हाय?"

"मैत्रिणीकडं. तिचं काम सरलं नाय अजून."

"मंग रावू दे," गोमा म्हणाला. आणि पेटी डोक्यावर घेतली.

मला तेव्हा आरडावंसं वाटलं. अरे, ती हेतल पास झालीय! तिचं काम कदीच सरलंय! मी मशीनखाली सडतोय! पण पुस्तकाला तोंड नसतं, मित्रांनो. जे हाय ते सगळं दुसऱ्यानं उघडल्यावर.

घरी रंभाबाईनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "माज्या घरचा टोप मागं दोन लग्नं आला नव्हता. मी तोंडातनं शब्द काढला नाय. पण टोप तो टोप, सोमे. भात दुसऱ्या भांड्यात शिजतो. पोरीचं शिक्षण दुसऱ्या भांड्यात शिजत नाय. जा. माग."

"बा काय म्हणंल?"

"बा मला इचारंल. तू जा."

भट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी सोमी बोईसरला गेली. वाटेत सारखे ओठ हलत होते. एकच वाक्य ती घोकत होती. आयुष्यात कदी न बोललेलं वाक्य. 'हेतल, माजं पुस्तक दे.' हेतलच्या बिल्डिंगच्या जिन्यात ती दोनदा थांबली. तिच्या चपलांचा आवाज मी आतून, मशीनखालून ऐकला. दार वाजलं.

"अगं सोमी! ये ना, ये!" हेतलनं तिला मिठीच मारली. पाणी आणलं, चहा टाकते म्हणाली, होस्टेलचं ऐकून फार वाईट वाटलं म्हणाली, आणि ते खरंच होतं, तिचे डोळे भरले होते. सोमी खुर्चीच्या टोकावर बसली.

"हेतल. माजं पुस्तक दे."

"कुठलं?" हेतल म्हणाली. आणि मंग तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. "मम्मी! ते जुनं..."

दोघींनी मिळून मशीन तिरकं केलं आणि मला ओढून काढलं. मी पाव फुगावा तसा फुगलो होतो. पानं एकमेकांना चिकटलेली, साबणाचा वास, कडा काळ्या. सोमीनं एक पान सोडवायला बघितलं, तर त्याच्या वरचं साल निघून दुसऱ्या पानावर गेलं, आणि पेन्सिलीनं लिवलेलं अर्धं इकडं, अर्धं तिकडं.

"सॉरी गं. खरंच सॉरी." हेतल रडायला लागली. "पण तू मागितलंच नाहीस! एक फोन करायचास. मी त्याच दिवशी आणून दिलं असतं. हॉल तिकिटाला भेटलो तेव्हा पण काही बोलली नाहीस."

"इचारलं होतं," सोमी म्हणाली. "झालं का म्हणून."

हेतलला काय कळलं नाय. ती आत पळाली आणि तिचं गुळगुळीत पुस्तक घेऊन आली. "हे घे. हे घेऊन जा. मला नको."

सोमीनं ते उघडलं. रंगीत चित्रं, आणि ओळींच्या वर नुसती कोरी जागा. तिनं ते परत टेबलावर ठेवलं. "ह्यात माजं काय लिवलेलं नाय," ती म्हणाली. चहा तसाच ठेवून, मला पदरात गुंडाळून ती जिना उतरली. खाली आल्यावर माज्यावर पाणी पडलं. ते साबणाचं नव्हतं.

एवढं सोपं होतं, मित्रांनो. एक वाक्य, एक जिना, आणि पुस्तक हातात. त्याच्यासाठी एका पोरीचं वर्ष गेलं. आणि दोघींपैकी कुणाचं मन काळं नव्हतं.

आता मी भिवंडीकडच्या एका वीटभट्टीवर हाय. तिन्ही तुकडे एकत्र, एका पेटीत. दिवसा सोमी विटा थापती. दुपारच्या सुट्टीत पोटाचा तुकडा उन्हात कच्च्या विटांवर ठेवती आणि पानं एक एक करून सोडवती. काही सुटतात. काही फाटतात. जिथं अर्थ गेलेत तिथं आठवून परत लिवती, आणि आठवलं नाय तर तिथं बोट ठेवून बसती. मूत्रपिंडाची पानं अजून सुटलेली नायत. पुरवणी परीक्षा तोंडावर आली हाय. पास होईल का? मला ठाव नाय. आणि पास झाली तरी होस्टेलातली खाट आता दुसऱ्या पोरीची हाय, तिच्याशी भांडायला कोण जाणार? ती पण कुणाच्यातरी पाड्यावरनंच आलेली असंल.

माजी पुस्तकांची जात तुमाला नेहमी सांगत आली की आमाला कव्हर घाला, पानं दुमडू नका, थुंकी लावून पान उलटू नका. मी ते सांगत नाय. मला कापलं, मला माशाचा वास लागला, माज्यावर पेन्सिलीनं लिवलं, त्यानं माजं काय बिघडलं नाय. मी बिघडलो तो नुसता पडून राहून.

मित्रांनो, तुमच्या घरात नर्सिंगचं असो, फिटरचं असो, वकिलीचं असो, दुसऱ्याचं एखादं पुस्तक असंल. कपाटावर, पलंगाखाली, कशाच्यातरी पायाखाली. तुमचं वाचून झालेलं हाय. ज्याचं हाय तो मागायला येईल, मंग देऊ, असं मनात धरून बसला असाल. तो येणार नाय. जो येऊन मागू शकतो त्याचं कुठंतरी भागतंच. जो येत नाय, त्याचंच त्या पुस्तकावाचून अडलेलं असतं. माजं बोलणं इथं संपलं. तुमी उठा आणि ते नेऊन द्या.